नळाचं गाणं कुणाचं?

बोईसरच्या एका कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करते. प्लांटमध्ये फोन न्यायला बंदी आहे. सकाळी लॉकरमध्ये टाकलेला फोन एकदम जेवणाच्या सुट्टीत हातात येतो. त्या दिवशी कँटीनमध्ये डबा उघडण्याआधी फोन उघडला, तर ग्रुपवर मेसेजचा ढीग. मला वाटलं, बाई गेल्या.

बाई म्हणजे आमची गायिका. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं असायची शक्यता कमी आहे. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, गिटार घेऊन एकटी गायची. शाळांचे हॉल, वाचनालयं, एकदा पालघरजवळच्या बंद पडलेल्या भातगिरणीतसुद्धा. तिने एकही गाणं कधी बाजारात आणलं नाही, इंटरनेटवर टाकलं नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला हात जोडून सांगायची, "रेकॉर्ड करू नका, ऐका." आणि आम्ही सगळे फोन खिशात, पर्समध्ये ठेवून गुपचूप रेकॉर्ड करायचो. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या गाण्यांत कापड घासल्याचा आवाज आहे. मग काही वर्षांपूर्वी तिने गाणं अचानक बंद केलं. का, ते कुणालाच कळलं नाही. उरली ती ही खिशातली रेकॉर्डिंगं आणि आमचा ग्रुप.

ग्रुपमध्ये नावं पुष्कळ होती, पण बोलणारे आम्ही तिघं. पालघरला कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकील. बोईसरच्या एका कारखान्यात पंपांवर काम करणारा एक फिटर. तो मूळचा बिहारचा, दुसऱ्या पाळीत कुणीतरी वाजवलेली बाईंची गाणी ऐकत ऐकत मराठी शिकला. आणि मी. माझे वडील अणुऊर्जा केंद्रात नोकरीला लागले तेव्हा आमचं घर साताऱ्याकडून इकडे आलं. मी वाढले कॉलनीत आणि बाईंना पहिल्यांदा ऐकलं पालघरच्या शाळेच्या हॉलमध्ये.

त्या कार्यक्रमावर आमची कितीतरी वर्षं भांडणं चालली होती. मध्येच वीज गेली, माईक बंद पडला, तेव्हा ती स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेच्या बाकावर येऊन बसली आणि तिथूनच गायली. इथपर्यंत आमचं एकमत. वकिलांचं म्हणणं, अंधारात तिने 'खाजण' हे खाडीकाठच्या खारजमिनीचं गाणं दोनदा गायलं. माझं म्हणणं, एकदाच.

"मॅडम, तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेला असाल," असं ते लिहायचे.

"तुम्हाला डुलकी लागली असेल आणि स्वप्नात ऐकलं असेल," असं मी लिहायचे.

मला तर कधीकधी वाटायचं, हा माणूस त्या कार्यक्रमाला होता तरी का? त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. कारण आमच्या ग्रुपमध्ये कोण किती कार्यक्रमांना होतं यावरून माणसाचा मान ठरायचा, आणि कुणाकडे तिकीट नाही, फोटो नाही. फिटर तर एकाही कार्यक्रमाला नव्हता. तो म्हणायचा, "दीदी, मेरा टिकट तो कान है." त्याच्या या बोलण्यावर आम्ही त्याला सगळं माफ केलं होतं.

चौथे एक होते, उमरोळीचे काका. फिटरच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, घरची थोडी वाडी, भाजीपाला, केळी. फिटरने त्यांना ग्रुपमध्ये आणलं त्याला दीड वर्ष झालं असेल. गाण्यांबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत. रोज सकाळी आपल्या वाडीतल्या एखाद्या फुलाचा फोटो आणि खाली 'शुभ सकाळ'. वकील वैतागायचे. पण आम्ही भेटायचो तेव्हा काका सगळ्यांना भाजी घेऊन यायचे, वालाच्या शेंगा, पडवळ, आणि कोपऱ्यात बसून आमची भांडणं हसत हसत ऐकायचे. निघताना मला सांगायचे, 'रविवारी घरी या.'

तर त्या दुपारी ग्रुपवर गाणं टाकलं होतं ते या काकांनी. फुलाच्या जागी गाणं. खाली एवढंच: 'बाईंचं नवीन गाणं. ऐका आणि सांगा.'

मी डबा बाजूला सारला आणि इयरफोन लावले. गिटार बाईंचीच वाटत होती. आवाजही. पण कसं सांगू, ओळखीचा माणूस दुसऱ्याचे कपडे घालून यावा तसा. आवाज खाली उतरलेला, थोडा खरखरीत. आणि गाणं काय, तर नळाला पाणी आल्याचं.

नळ आला गं, नळ आला,
हंडा सांगतो कळशीला.

बाईंची सगळी गाणी निघून जाण्याची. गाव सोडण्याची, भरती येऊन खाजणाचा बांध फुटण्याची, परत न येणाऱ्या माणसांची. आम्ही तिच्या दुःखावर वाढलेलो. आणि इथे भांडी एकमेकांशी बोलतायत, बाई चक्क खुशीत गातेय.

सुट्टी संपेपर्यंत मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळेला एक गोष्ट जाणवली. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बाई वरच्या सुराआधी श्वास घेते तो स्पष्ट ऐकू येतो. आम्ही तर श्वासावरून गाणं ओळखायचो. इथे तो श्वासच नव्हता. आणि कापडाचा आवाजही नाही, टाळ्या नाहीत, कुणी खोकत नाही. मागे फक्त एका मोटरची घरघर, तीही गाण्याच्या मध्येच कापल्यासारखी बंद.

मी ग्रुपवर लिहिलं, 'काका, हे कुठल्या कार्यक्रमातलं?'

उत्तर नाही. खाली फिटरचा मेसेज आला, हिंदी-मराठी मिसळलेला. 'ये मशीन का गाना हाय. मी एकदा फसलोय, दुसऱ्यांदा नाय.'

त्याचं खरं होतं. वर्षापूर्वी असंच एक गाणं कुठूनसं आलं होतं. फिटर ते ऐकून रडला होता, गावाकडे आईलाही ऐकवलं होतं. मग कळलं की कुणीतरी कॉम्प्युटरवर बाईंचा आवाज बनवून खेळ केला होता. त्या दिवसापासून तो कुठल्याही नव्या गोष्टीवर विश्वास ठेवत नव्हता.

वकिलांनी संध्याकाळी लांबलचक लिहिलं. 'आवाज साधारण जुळतो. शब्द अजिबात नाही. आला आणि कळशीला हे यमक पाहून घ्या, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. बाईंना असं लिहिता येणारच नाही. आणि आलं असतं तरी लोकांपुढे आणायला त्यांना लाज वाटली असती.'

मी लिहिलं की मलाही शंका आहे, श्वास नाही. शिवाय दुसरं कडवं कुठे चाललंय ते त्या कडव्यालाच माहीत नाही. पहिल्यात बाई पाणी भरते, दुसऱ्यात एकदम आकाश, तारे, काहीतरी. माणूस असं भरकटत नाही, मशीन भरकटतं.

काकांकडून त्यावर फक्त हात जोडलेलं चित्र आलं.

पुढचे पंधराएक दिवस आमचा ग्रुप इतका जागा कधीच नव्हता. जे महिनोन्महिने गप्प होते तेही बोलायला लागले. एकाने गाण्याचा वेग मोजला. एकीने म्हटलं, मोटरचा आवाज मुद्दाम घातलाय, खरं वाटावं म्हणून. मग फिटरनेच माहिती पुरवली की काकांचा भाचा कॉम्प्युटरचं शिकतो. झालं, सगळं उलगडलं असं सगळ्यांना वाटलं. फुलांचे फोटो टाकून टाकून कंटाळलेल्या म्हाताऱ्याने भाच्याला धरून आपला भाव वाढवून घेतला!

मला हे पटत होतं आणि नव्हतंही. काकांना भाव हवा असेल असं कधी दिसलं नव्हतं. म्हणून एका रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि न कळवता उमरोळीला गेले.

काका घरी नव्हते. काकू ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मला बघून गडबडल्या. "या ताई, बसा. ते माकुणसारला गेलेत, माझ्या बयनीच्या घरी." चहा टाकायला आत गेल्या. मी ओट्यावर बसले आणि चोरून नजर फिरवायला लागले. तशी सवय नाही मला, पण त्या दिवशी फिरवली. खुंटीवर काकांचा शर्ट, टीव्हीवर क्रोशाचं झाकण, कोपऱ्यात फवारणीचा पंप. कॉम्प्युटर कुठे दिसेना.

"भाचा येतो का इकडे?" मी विचारलं.

"कोण, तो? तो पुण्याला. दिवाळीला येईल तर येईल."

मग चहा देता देता त्या आपल्याच नादात बोलल्या, "आता आल्याचा चहा करायची सवयच लागलीय बघा. त्यांच्या घशाला आलं लागतं ना."

"काकांच्या?"

काकूंचा हात थांबला. "हां, ह्यांच्याच की," म्हणाल्या आणि पदराने कप पुसायला लागल्या. कप कोरडाच होता.

तेवढ्यात काका आले. सायकलच्या कॅरियरला केळीची पानं बांधलेली. मला बघताच आधी हसले, मग बायकोकडे बघितलं, मग हसू मावळलं. मी सरळच विचारलं, "काका, गाणं कुठून आणलंत?"

"ताई, तुमाला आवडला का नाय, तेवढाच सांगा."

"कुठून आणलं ते कळल्याशिवाय कसं सांगू?"

ते केळीची पानं सोडायला लागले. "गाना ऐकाला त्याचा पत्ता कशाला लागतो?" म्हणाले. मला तेव्हा ते उत्तर चुकवणं वाटलं. परतताना मी मनाशी पक्कं केलं होतं की हा माणूस काहीतरी लपवतोय आणि काकूंना ते माहीत आहे. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लपवत असेल तर लपवू दे की. त्याने काय तुझं घर लुटलंय?" आईला आमच्या ग्रुपचं कधीच काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी माझ्या घरी सगळे जमलो. सगळे म्हणजे वकील, फिटर, मी आणि काका. काकांनी नेहमीसारखी पिशवी आणली होती, त्यात पडवळं होती. त्या दिवशी ती पिशवी कुणी हातात घेतली नाही. दाराशीच राहिली.

वकिलांनी कोर्टातल्यासारखं सुरू केलं. "काका, तुम्ही बाईंच्या किती कार्यक्रमांना गेलात?"

"एकाला पन नाय."

"मग हे रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः केलं?"

"हो."

"कुठे?"

"तां मी सांगू शकत नाय."

"बाई तिथे होत्या?"

 फिटर मध्ये पडला. त्याचा आवाज चढला होता. "काका, आप मेरे बाप जैसे हो. मीच तुमाला ग्रुपमध्ये आणलं. सच बोलो, भाच्याने बनवलं ना?"

"नाय रे बाबा."

"तर मग सांगा की!"

"मी शब्द दिलाय," काका म्हणाले. "शब्द दिल्यावर आमी बोलत नाय."

"शब्द कुणाला दिला?" वकील.

"तां सांगितला तर शब्द कसला राह्यला?"

वकील हसले. ते हसणं मला आवडलं नाही, पण मी काही बोलले नाही, कारण मलाही उत्तर हवंच होतं. मी फक्त म्हटलं, "काका, तुम्ही नाही सांगितलंत तर लोक तुम्हाला खोटे समजणार. तुम्हाला चालेल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, ते जास्त अवघड होतं. "ताई, बाईंचा सोडा. बाई खऱ्या का खोट्या, गाना खरा का खोटा, तां तुमी जन्मभर ठरवा. पन मना तुमी दीड वर्ष ओळखता ना?"

 पंखा फिरत होता. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. संध्याकाळी ग्रुपवर ओळ दिसली की ते ग्रुप सोडून गेलेत. वकिलांनी लिहिलं, 'यातच उत्तर आलं.' आणि खाली बऱ्याच जणांचे अंगठे. आई पडवळं चिरत होती. मी तिला म्हटलं, राहू दे ती. ती म्हणाली, "पडवळाने काय केलंय?"

आठवडा गेला. ग्रुप पुन्हा थंड झाला. आणि मग एका सकाळी कामावर निघताना काकांचा फोन आला. आवाज कोरडा, निरोप दिल्यासारखा.

"रविवारी दुपारी माकुणसारला या. तुमी, वकीलसाहेब आणि आमचा फिटर. तिघाच. माझ्या मेव्हनीचा घर, देवळापुढं वाडीत. फोन घरी ठेवून या."

"फोन घरी? का?"

"सांगितला हाय म्हनून."

मी दोघांना कळवलं. वकील लगेच म्हणाले, "फोनशिवाय बोलावतात म्हणजे पुरावा राहायला नको. काही दमदाटी करायचा विचार असेल." फिटर म्हणाला, तो काकांना ओळखतो, काका दमदाटी करणार नाहीत. पण कुणाला तरी करायला लावतील का, हे तो ठरवू शकत नव्हता. आता हसू येतं, पण आम्ही तिघांनी खरोखर चर्चा केली की एक फोन गाडीत लपवून न्यावा. शेवटी वकिलांनी नेलाच. सीटखाली ठेवला.

त्या भागात परक्या गाडीकडे लोक आधी संशयाने बघतात. जमिनींच्या मोजण्या, नवे प्रकल्प, काय काय चाललेलं असतं. दोघांनी आम्हाला थांबवून विचारलं, "कोन तुमी? मोजनीवाले का?" वकिलांनी आपण पाहुणे आहोत असं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोनाचे?" आणि आम्हाला पटकन सांगता येईना की कोणाचे. शेवटी फिटरने काकांच्या मेव्हणीचं घर विचारलं, तेव्हा वाट दाखवली.

वाडी केळीची, मध्ये सुपारी, कुंपणाला पानवेल चढलेली. कौलारू छोटं घर. विहिरीवर मोटर चालू होती, तिची घरघर मी लगेच ओळखली. मी फिटरकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. काका पडवीत उभे होते. त्यांनी "या" म्हटलं, त्यापुढे काही नाही. मग आतून काकूंसोबत एक बाई बाहेर आली. सुती साडी, केस कापलेले आणि बरेचसे पांढरे, गळ्यावर एक आडवी पुसट खूण. हातात आल्याच्या चहाचा पेला.

तिला मी स्टेजवर पाहिलं होतं, बाकावर बसून गाताना पाहिलं होतं, माझ्यापासून चार हातांवर. तरी ओळखायला वेळ लागला.

ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बसा ना. मोटर बंद करा हो कुणीतरी." काकांनी जाऊन बटण दाबलं. घरघर थांबली, अगदी रेकॉर्डिंगमध्ये थांबते तशी.

फिटर उभाच होता. त्याने हात जोडले. मी काहीतरी पुटपुटले. आणि वकील, मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो, वकील म्हणाले, "माफ करा, पण आम्ही आधी फसलो आहोत. आपण एखादी ओळ गाऊन दाखवाल का?"

काकूंनी पदर तोंडावर धरला. काका म्हणाले, "वकीलसाहेब!" पण बाई हसली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मलाच सकाळी उठून खात्री करावी लागते."

आणि तिने 'खाजण'ची पहिली ओळ गायली. गिटार नाही, काही नाही. सूर पूर्वीपेक्षा बराच खाली. वरच्या जागेआधी मी कान लावून बसले होते, श्वास ऐकू आला नाही. ती गाता गाता मध्येच छोटासा थांबा घेत होती, तिथे श्वास घेत असावी, आवाज न करता.

"घशाचं ऑपरेशन झालं," तिने ओळ संपल्यावर सांगितलं. "दोन वर्षं बोलतसुद्धा नव्हते नीट. मग श्वास कसा घ्यायचा ते पुन्हा शिकले. इथे भाड्याने खोली घेऊन राहिले, तेव्हा शिकले. कुणी ओळखत नव्हतं, म्हणून इथे." तिने काकांकडे बोट केलं. "यांनी ओळखलं. भाजी द्यायला आले होते, मी गुणगुणत होते. तर म्हणाले, तुमचा आवाज आमच्या फोनमध्ये आहे."

काका जमिनीकडे बघत होते.

"मग मी यांच्या फोनवर तुमचा ग्रुप वाचायला लागले," ती सहज म्हणाली. "रोज. तुमची भांडणं, कोण कुठे होतं, वीज गेली तेव्हा काय झालं. मला मजा यायची. गाणं झालं तेव्हा वाटलं, माझं नाव न सांगता, मी कुठे आहे ते न सांगता द्यावं. तुम्ही काय म्हणता बघावं. मीच यांना शपथ घातली. हे ग्रुप सोडून आले, तेव्हा मात्र तुम्हाला बोलावणं भाग पडलं."

 मला आमचे सगळे मेसेज एका झटक्यात आठवले, एकेक करून, आणि वाटलं, कुणीतरी घराच्या खिडकीशी कित्येक महिने उभं होतं.

"म्हणजे आमची परीक्षा घेत होतात," वकील म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही. माझी घेत होते."

"परीक्षा तुमची आणि पेपर आम्हाला नकळत लिहायला लावलेत. आम्ही इतकी वर्षं तुमची गाणी जपली. आणि तुम्ही आम्हाला लपून वाचत होतात?"

"तुम्ही मला लपून रेकॉर्ड करत होतात," बाई म्हणाली. चढ्या आवाजात नाही, पण हसतही नाही. "हात जोडून सांगायचे मी. तरी तुमच्या खिशात मी होतेच ना?"

मग ती म्हणाली की खोटं म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. मशीन म्हटल्याचंही नाही. फक्त 'बाईंना असं लिहिता येणारच नाही' हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. "तुमच्याजवळची मी कधीची थांबली आहे हो. मला इथे सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा खरंच आनंद होतो. आता काय करू?"

फिटर पहिल्यांदा बोलला. "आप तो बदल गईं, बाई."

"तू नाही बदललास? गावाहून आलास तेव्हा मराठी येत होती?"

तो हसला आणि त्याच वेळी डोळे पुसले. मला त्याचा हेवा वाटला. माझ्या मनात अजून एक गाठ होती. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "दुसऱ्या कडव्याबद्दल तुम्हीच लिहिलं होतं ना? ते भरकटतं म्हणून? खरं होतं ते. काढून टाकलं मी. आता तिथे आकाश-बिकाश नाही, शेजारीण येते बादली घेऊन." ती कौतुकाने बोलत होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण त्याचबरोबर असंही वाटलं की आम्ही जीव तोडून जे भांडलो ते हिने चाळणीत धरलं आणि आपल्याला हवं तेवढं ठेवून घेतलं. आणि या सगळ्यात काकांना आमच्या तोंडी दिलं. तिने एक फोन केला असता तर माझ्या घरातल्या त्या दुपारी काकांना तसं उठून जावं लागलं नसतं. मी तसं म्हणालेही.

बाईने चहाचा पेला खाली ठेवला. मग काकांना म्हणाली, "ते मात्र माझं चुकलं."

"नाय नाय," काका म्हणाले. "शब्द मी दिला व्हता."

निघताना वकिलांनी तिला नमस्कार केला नाही. गाडीत सीटखालचा फोन काढून खिशात टाकला आणि पालघरपर्यंत एकदाच बोलले, "तुम्हाला खात्री आहे, तीच होती?"  त्यांना उत्तर नको होतं बहुतेक.

त्या आठवड्यात वकिलांनी ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की नळाचं गाणं बाईंचंच आहे, आणि काकांची आपण माफी मागायला हवी. काहींनी मागितली, रिकाम्या जागेकडे बघून, कारण काका तिथे नव्हतेच. काहींनी विचारलं, पुरावा काय? त्यांना मी काय सांगणार? फोन घरी ठेवून गेलो होतो. आता माझ्याकडेच संशयाने बघणारे दोघं-तिघं ग्रुपमध्ये आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

मी उमरोळीला दोनदा गेले. पहिल्यांदा काका वाडीत पाणी देत होते, बोलले, पण नळी हातातून सोडली नाही. दुसऱ्यांदा काकूंनी जेवायला थांबवलं. गाण्याचा विषय कुणी काढला नाही.

यंदा हिवाळ्यात बाईंनी पालघरला कार्यक्रम केला, एका शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी. नाव लावून, बोर्ड लावून. गर्दी फार नव्हती. या वेळी तिने रेकॉर्ड करू नका असं सांगितलं नाही, तर लोकांनी उघड फोन वर धरले आणि मला उगाच चुकल्यासारखं झालं. नळाचं गाणं तिने तिसरं घेतलं. शेजारणीचं कडवं आलं तेव्हा लोक हसले. माझ्या बाजूच्या खुर्चीतल्या मुलीने आपल्या मैत्रिणीला सांगितलं, "हे तिचं जुनं आहे, खूप जुनं. माझ्याकडे आहे." मी तिच्याकडे वळून पाहिलं. 

फिटर पहिल्या रांगेत होता, आयुष्यातला पहिला कार्यक्रम, इस्त्रीचा शर्ट घालून. वकील कुठे दिसले नाहीत. काका आणि काकू बाजूच्या रांगेत, काकूंच्या केसांत शेवंती. कार्यक्रम संपल्यावर लोक बाईंभोवती जमले तेव्हा मी गर्दीतून वाट काढून काकांकडे गेले. नमस्कार केला. त्यांनीही केला, प्रेमाने, नीट. कसं काय, आई कशी आहे, विचारलं. मग काकूंना रस्ता करून देत पुढे झाले आणि वळून म्हणाले, "या ताई, कदीतरी घरी."

पूर्वी ते वार सांगून बोलवायचे.